काकांच्या गाडीचे पुढचे सांधे

आमच्या मावशीच्या यजमानांनी आयुष्यात एकही जुनी वस्तू टाकून दिली नाही आणि जमेल तिथवर एकही नवी घेतली नाही. विधान जरा सरसकट वाटेल, पण ज्यांनी त्यांचं जालन्यातलं घर पाहिलं आहे ते माझ्या बाजूने साक्ष देतील. मावशी तर आल्यागेल्याला सांगायची, "ह्या माणसानं जिंदगीत एकच नवी वस्तू घरात आणली, ती म्हंजी मी. आन् आणल्यापासून मलाबी रिपेरच करून राह्यला." हे ऐकून काका खूष व्हायचे. आपल्या बायकोने आपलं तत्त्व इतक्या थोडक्यात मांडलं याचा त्यांना अभिमानच वाटत असावा. बरं, कंजूष म्हणावं तर तसंही नव्हतं. दारात आलेला माणूस त्यांनी जेवल्याशिवाय कधी जाऊ दिला नाही, आणि कुणाची गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की स्वतःचा माल तसाच उन्हात ठेवून ते तिच्या खाली शिरायचे. मुद्दा पैशाचा नव्हताच, मुद्दा इज्जतीचा होता. "झिजलं म्हंजी कामाला आलं," ते म्हणायचे. "जे झिजलंच न्हाई त्यानं काय काम केलं, सांग बरं?" मी तेव्हा प्राथमिक शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि माझ्या अंगात झिजण्यासारखं अजून काही आलं नव्हतं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, जालन्याला जिल्ह्याचा मान मिळायच्या आधीची. काकांनी तरुणपणी मिलिटरीत गाड्या चालवल्या होत्या. तिथून सुटल्यावर लिलावात निघालेला मिलिटरीचाच एक जुना ट्रक घेऊन ते घरी आले. सरकारने दोघांनाही एकदमच निकालात काढलं होतं, त्यामुळे दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. त्या ट्रकमधून ते सरकी वाहायचे, कापसाच्या गठाणी वाहायचे, मोसंबीच्या हंगामात मोसंबी आणि एरवी शहागडच्या बाजूची वाळू. गाडीचा एखादा भाग अगदीच कामातून गेला, म्हणजे त्याच्यापुढे हात टेकण्यावाचून इलाज उरला नाही, की तो घरी यायचा आणि त्याला दुसरी नोकरी लागायची. ब्रेकच्या ड्रममध्ये मोगरा लावलेला होता. फुटक्या स्टेअरिंगच्या चाकावर सगळ्या घराचे कपडे लटकायचे. सायलेन्सरचा पाइप पन्हाळीचं काम करायचा आणि मावशी ज्या बत्त्याने लसूण-मिरची ठेचायची तो बत्ता म्हणजे एकेकाळची गाडीच्या पुढच्या चाकातली किंगपिन होती. त्या ठेच्याला गल्लीत तोड नव्हती. काका म्हणायचे, चव लोखंडाची आहे. मावशी म्हणायची, चव हाताची आहे. या वादावर त्यांचं सबंध जेवण निघायचं.

काकांची दुसरी खोड म्हणजे हलवून बघण्याची. कुठलीही वस्तू समोर आली की ती दोन्ही हातांनी धरायची, वर-खाली, आत-बाहेर हलवायची आणि तिच्या सांध्यात खेळ किती आहे ते जोखायचं. खेळ म्हणजे सैलपणा. गाडीचं चाक असो, पाण्याची कळशी असो की पाहुण्याच्या घरातली खुर्ची, काका हलवल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवत नसत. एका नातेवाइकाकडे त्यांनी बसण्याआधी खुर्ची अशी हलवली की तिचा हात त्यांच्या हातात आला. यजमानीणबाई ओशाळल्या. काका मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं घेऊन हजर झाले आणि त्या घरातला पलंग, पाट, पाळणा सगळं ठाकठीक करूनच उठले. पुढे पुढे लोक मोडक्या वस्तू काकांच्या येण्यासाठी जपून ठेवू लागले. एकदा ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर त्यांची उजव्या हाताची नाडी बघताहेत आणि काका डाव्या हाताने डॉक्टरांच्या टेबलाचा पाय चाचपताहेत. डॉक्टर म्हणाले, "ताप आहे." काका म्हणाले, "खेळबी हाय. एक पाचर मारून घ्या."

नवरा-बायकोची भांडणंसुद्धा त्यांच्याकडे यायची. बसवून, चहा पाजून काका दोघांचं ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "थोडा खेळ असू द्या. बिलकुल खेळ न्हाई ठेवला तं जाम होतंय, आन् लय ठेवला तं चाक निखळतंय." यातून त्या जोडप्यांना काय बोध व्हायचा कोण जाणे, पण बहुतेक जोडपी हसत बाहेर पडायची.

त्यांच्या या दुरुस्तीच्या संसारात बरोबरीचा वाटा होता तो चाचांचा. चाचा म्हणजे मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे खराद चालवणारे म्हातारे मिस्त्री. लोखंडाला हवा तो आकार देणारं ते यंत्र आणि चाचा दोघंही सारखेच कुरकुरायचे. काकांनी झिजलेला भाग न्यायचा, चाचांनी तो बघून कपाळाला हात लावायचा, "नक्को भाई, इसको दफना दो," म्हणायचं आणि संध्याकाळपर्यंत तोच भाग वेल्डिंग भरून, खरादावर घासून पुन्हा उभा करायचा, असा त्यांचा रिवाज होता. दोघं एकमेकांना शिव्या घालायचे आणि ईदेला, आंबेडकर जयंतीला एकमेकांच्या घरी पहिला घास घ्यायचे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी धाकटी बहीण कुसुम. आमचे वडील लवकर गेले, तेव्हा आई आम्हा दोघांना घेऊन मावशीच्या गल्लीत राहायला आली. मी जरा मोठा होतो, पण कुसुमचं बालपण काकांच्या गाडीच्या केबिनमध्येच गेलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका कुसुमला जवळ बसवून जाफराबादपर्यंत माल टाकून यायचे, आणि परतताना ती पेंगली की एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने तिचं डोकं सावरायचे. "तुला सासरी न्यायची तं माह्याच गाडीत," हे ते तिला तेव्हापासून सांगत आले होते. गल्लीतली लहान पोरं तिला यावरून चिडवायची, आणि ती चिडायची नाही. तिनेही ते धरूनच ठेवलं होतं.

तिचं लग्न जमलं हसनाबादच्या एका शिक्षकाशी. मुलगा बघायला आला तेव्हा काकांनी जयभीम घालून त्याच्याशी हात मिळवला तो सोडलाच नाही. मनगट, कोपर, खांदा अशी सगळी परीक्षा त्यांनी तिथल्या तिथे उरकली. तो बिचारा घामाघूम झाला. शेवटी काकांनी जाहीर केलं, "पोरगा मजबूत हाय," आणि आमचं घर एकदाचं मोकळा श्वास घेऊ लागलं. मुलाची आई मात्र जरा कडक वाटली. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून नजर हलवायची नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही. कुसुमच्या हातचा चहा पिऊन ती फक्त "साखर जास्त हाय" एवढंच म्हणाली. लग्न हसनाबादलाच करायचं ठरलं आणि वऱ्हाड काकांच्या ट्रकमधून जाणार हे तर कुणी ठरवायचीही गरज नव्हती.

पण ट्रकच्या मनात वेगळंच होतं. लग्नाला काही दिवस उरले असताना काका वाळू टाकून आले. गाडी दारात लावली, पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी धरून हलवलं. खडक असा आवाज झाला. दुसरं चाक हलवलं, तिथेही तेच. चाक एक्सलला जिथे जोडलेलं असतं तिथे ही किंगपिन नावाची जाडजूड कांब उभी बसवलेली असते आणि चाक तिच्याभोवती वळतं. ती झिजली, तिच्याभोवतीच्या नळ्या, म्हणजे बुश, झिजले की चाक आपल्या मनाने डुलायला लागतं. काकांच्या गाडीचे हे पुढचे सांधे चाचांनी इतक्या वेळा दुरुस्त केले होते की मोजणी सुटली होती. आता पुन्हा दुरुस्त करायचे की सरळ नवे टाकायचे, हा प्रश्न होता. दुसऱ्या कुणी तो चहा थंड व्हायच्या आत सोडवला असता. काकांनी त्यासाठी अख्खी गल्ली कामाला लावली.

येईल त्याच्या हातात ते चाक द्यायचे. पोस्टमननं हलवलं, दूधवाल्यानं हलवलं, सरकीचा व्यापारी धोतर सावरून खाली बसला आणि त्यानंही हलवलं. मला तर शाळेत जाता-येता दोन्ही वेळा हलवावं लागायचं. प्रत्येकाचं मत काका कान देऊन ऐकायचे आणि मग त्याला ते कसं चुकीचं आहे ते समजावून सांगायचे. चाचा आले, त्यांनी चाकाला हातही लावला नाही. नुसता आवाज ऐकून म्हणाले, "देखो भाई, इस पिन में असली पिन कितनी और मेरी वेल्डिंग कितनी, अल्ला जाने. दुरुस्ती की दुरुस्ती कब तक करेंगे? अब के नई डालो."

"नव्याचा भरोसा कसा धरू?" काका म्हणाले. "जुना पार्ट दगा द्यायच्या आधी खडखड करतो. सांगतो, बाबा रे, म्या चाल्लो. नवा बोलतच न्हाई. न बोलणाऱ्यासंगं माह्यं कधी जमलंय?"

यावर मावशी बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं आणि ती ते झटकायलाही थांबली नाही. "ऐकून घ्या," ती म्हणाली. "बायामाणसं, लेकरंबाळं बसणार हायेत गाडीत. ते सांधे नवे झाले न्हाईत तं कुसुम एस्टीनं जाईल. म्या स्वतः नेऊन बसवीन." एवढं बोलून ती आत गेली. भांडण झालं असतं तर बरं, असं आम्हाला वाटलं, कारण भांडणात काका फुलायचे. पण ती आत गेली आणि काका एकटे पडले. नवे सांधे टाकावेत तर जन्मभराचं तत्त्व जातं, जुने ठेवावेत तर जन्मभराचा शब्द जातो. त्यांचा जीव असा टांगणीला लागलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ते जेवलेसुद्धा नाहीत.

शेवटी ते आमच्याकडे आले. कुसुम ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि एखाद्या बड्या अधिकाऱ्यापुढे अर्ज मांडावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. पिन किती झिजली, बुश कसे आहेत, दुरुस्तीने काय होईल, नव्याने काय होईल. मग म्हणाले, "आता तूच सांग. काय करू?"

कुसुमने सुपातून मान वर केली नाही. "तुमीच चालवणार ना, काका?"

"मीच की."

"मंग झालं. मला काय कळतंय त्यातलं? तुमी म्हणाल तसं."

काका तिथून उठले आणि बाहेर टाकलेल्या टायरावर जाऊन बसले. मी मागोमाग गेलो. ते म्हणाले, "मास्तर, तिनं हट्ट केला असता ना, नवेच टाका म्हणून, तं म्या रिपेरच केलं असतं. पण तिनं समदं माह्यावरच सोडलं रे." आणि उठून तडक मोंढ्यामागे गेले. "चाचा, बदलून टाक," ते म्हणाले. "पिना, बुश, टायरॉडची टोकं, समदं नवं. स्टेअरिंगचा डबाबी आवळून घे." चाचांनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

नवे भाग तेलकट कागदात गुंडाळून आले. काकांनी ते ओसरीवर मांडले आणि दूरच्या गावाहून आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे बघत बसले. पिन बुशात घालून हलवून बघितली. हललीच नाही. हलवायला काही उरलं नाही म्हणून ते बेचैन झाले. चाचांनी मात्र झटून काम केलं, सगळं बसवलं, ग्रीस भरलं आणि हात पुसत म्हणाले, "अब दो-चार रोज गाडी फिराव भाई. हाथ को आदत होने दो."

काकांना ते लागलं. "मला गाडी चालवायची शिकवतो?" आणि खरी गोष्ट वेगळीच होती. या नव्या सांध्यांवर पहिला भार पडेल तो कुसुमचाच, त्याआधी वाळू नाही, सरकी नाही, कुणीही नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. खरादापासून घरापर्यंत गाडी आणली ती तेवढीच, तीही चाचांच्या माणसाने. पुढचे सगळे दिवस त्यांनी गाडी दारात उभी ठेवून नटवली. ट्रकच्या कडेचे फाळके धुतले, केबिनला नवा रंग दिला, निळ्या-पांढऱ्या कागदी पताका लावल्या आणि कुसुम बसणार त्या जागेवर घरातली सर्वांत चांगली चादर शिवून घेतली. तिच्यासाठी म्हणून जी गोष्ट त्यांनी केली नाही, तीच नडली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागे सतरंज्यांवर वऱ्हाड, पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, स्वच्छ कपड्यांतली मंडळी, सामानाच्या पेट्या आणि त्यातच पान चघळत बसलेले चाचा. पुढे काका, शेजारी पांढऱ्या साडीत कुसुम, पलीकडे मावशी. मी मागच्या फाळक्याला धरून उभा होतो. जालना मागे पडेपर्यंत गाडी हळूच चालली होती, त्यामुळे काही कळलं नाही. मोकळा रस्ता लागला, काकांनी वेग दिला आणि गाडी डोलायला लागली. आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. बायका एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. कुणी म्हणालं, रस्ता खराब आहे. रस्ता आरशासारखा होता. चाचांनी पान थुंकलं आणि मान बाहेर काढून ओरडले, "अरे, कम घुमा! कम घुमा!"

झालं होतं ते असं. जुन्या गाडीचं स्टेअरिंग पाव चक्कर फिरवलं तरी चाकांना त्याची खबर लागत नसे. तेवढा सगळा सैलपणा संपला की मग कुठे गाडी वळायची. इतक्या वर्षांत काकांच्या हातांनी ती पाव चक्कर आपोआप द्यायची सवय लावून घेतली होती. आता गाडी नव्या नवरीसारखी तत्पर झालेली, नुसतं बोट लावलं की वळणारी, आणि काकांचे हात मात्र जुन्या हिशेबाने तिला पाव चक्कर जास्तच देत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभच नवा होता आणि पीळ हातात राहिला होता. पहिलं मोठं वळण आलं. काकांनी नेहमीसारखं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून, छोटासा बांध ओलांडून, नांगरलेल्या रानात शिरली आणि ढेकळांत रुतून अगदी शांतपणे थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. सगळ्यांचे पांढरे कपडे तेवढे काळ्या मातीच्या रंगाचे झाले. काका उडी मारून उतरले, धावत दुसऱ्या बाजूला गेले, कुसुमला खाली घेतलं, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती ठीक आहे हे कळल्यावर ते पुढच्या चाकाजवळ बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते हलवलं. चाक जराही हललं नाही. दुसरं हलवलं, तेही नाही. मग ते आपल्या हातांकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "गाडीत खेळ न्हाई. खेळ माह्या हातात हाय."

चाचा बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "गाडी को तो नया कर दिया भाई. अब तेरे को कौनसे खराद पे चढाऊं?" काका हसले नाहीत. रस्त्याकडे बघत ते मला म्हणाले, "मास्तर, राजूरकडं जाणारी एस्टी येईल आता. हात करून थांबव. कुसुमला आन् तुह्या आईला बसव तिच्यात. म्या येतो मागून." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट त्यांनी त्या ढेकळांत स्वतःच्या हाताने खाली ठेवली होती. मावशीचाच हुकूम आता ते पाळत होते, आणि मावशीलाही ते बघवत नव्हतं. तिने तोंड फिरवलं.

आम्ही सगळ्यांनी जोर लावून गाडी रस्त्यावर घेतली तोवर एस्टी खरंच आली. मी हात केला. गाडी थांबली. कंडक्टरने दार उघडलं. कुसुमने एकदा एस्टीकडे पाहिलं, साडीचा काठ मुठीत धरला आणि ती पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये चढून आपल्या चादरीवर बसली. "काका," तिने आतून हाक मारली, "हळू हळू चाला. हाताची सवय जाईपर्यंत म्या सांगते."

"येळ होईल पोरी."

"होऊ द्या. आपल्यात मुहूर्त कुठं असतोय?"

कंडक्टर काही न कळून दार आपटून निघून गेला. मावशी मागे बायकांना धीर द्यायला बसली आणि तिच्या जागी मी केबिनमध्ये आलो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून दिसलं. वळण आलं की काकांचे हात स्टेअरिंग फिरवू लागायचे, आणि ते पुरेसं फिरलं की कुसुम त्यांच्या मनगटावर आपला तळवा ठेवून म्हणायची, "बस." हात तिथेच थांबायचे. गाडी सुतासारखी सरळ वळायची. पुन्हा वळण, पुन्हा "बस." एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली आणि गाडीवानाने जाता जाता विचारलं, "पाव्हणं, ढकलू का?" मागून वऱ्हाड हसलं. काकाही या वेळी हसले. हसनाबाद जवळ आलं तेव्हा नवरदेवाकडची मंडळी सायकली घेऊन आम्हाला शोधायला निघालेली भेटली. मातीने माखलेलं ते वऱ्हाड बघून त्यांना आधी वाटलं, ही दुसरीच कुठली तरी मंडळी आहे.

लग्न छान झालं. भात थंड झाला होता, तेवढंच. निघायची वेळ आली. आई रडत होती, मावशी रडत होती, मीही गाडीआड जाऊन डोळे पुसले. काका मात्र कुसुमकडे न जाता तिच्या सासूसमोर जाऊन उभे राहिले. हात अजून मातीनेच भरलेले होते, त्यामुळे नमस्कार करावा की नाही असं त्यांचं झालं. मग त्यांनी तो केलाच आणि म्हणाले, "बाई, म्या अडाणी माणूस, मला लोखंडाची भाषा येती. आमची पोरगी नवी हाय. नवं पहिले टाइट लागतं. बिघडलंय समजून जोर लावू नका. वस्तू बराबर असती, आपल्याच हाताची सवय बदलावी लागती. म्या आज सकाळी शिकलो." ती बाई त्यांच्याकडे तशीच रोखून बघत राहिली. परतीच्या वाटेवर आईने काकांना फैलावर घेतलं. पोरीच्या सासूला कुणी असं बोलतं का? काका गाडी चालवत होते. केबिनमध्ये मधली जागा रिकामी होती. ते गाडी सरळ चालवत होते हे आमच्या जालन्यात शिरेपर्यंत लक्षातही आलं नाही.

हात बसला होता, पण एक सवय मात्र त्यांना लागली ती लागलीच. पुढे कितीतरी वर्षं, वळण संपत आलं की काका स्वतःशीच हळू आवाजात म्हणायचे, "बस." शेजारी बसणाऱ्याला वाटायचं, आपल्याला काही म्हणाले. मी कधी कुणाला त्याचा अर्थ सांगितला नाही.

काका गेले त्यालाही आता खूप काळ लोटला. तेव्हा हसनाबादहून कुसुमबरोबर तिची सासू आली होती. आता थकली होती, काठी घेऊन चालायची. मावशी आदल्या दिवसापासून नुसती भिंतीला टेकून बसली होती, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती बाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि कुणी विचारलेलं नसताना सांगू लागली, "पहिल्या वर्षी पोरीचं काहीच माह्या मनासारखं व्हत नव्हतं. भाकर तिची वेगळी, बोलणं वेगळं. माही जीभ उचलायची, कधी कधी तं हातबी उचलायचा. मंग तुमचा माणूस डोळ्याम्होरं यायचा, तसाच मातीनं भरलेला. म्या माहा हात खाली घ्यायची. कुसुमला न्हाई म्या हे कधी सांगितलं." मावशीने तिच्याकडे पाहिलं, तिचा तो म्हातारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.